अठरानंतरचा पत्ता

महाराष्ट्रात 1 जून ही जन्मतारीख असलेली माणसं घरोघरी सापडतात. पूर्वी जन्माची नोंद ठेवायची पद्धत नव्हती. पोर शाळेत घालायला नेलं की गुरुजी त्याच्याकडे बघून वयाचा अंदाज बांधायचे आणि दाखल्यावर 1 जून लिहून टाकायचे. घरात वाढणाऱ्या मुलाचं त्यामुळे काही अडत नसे. बालगृहात वाढणाऱ्या मुलाचं मात्र सगळंच त्या तारखेवर अडलेलं असतं. आई-वडिलांचा ठावठिकाणा नसलेल्या मुलाचं वय ठरवताना कायदा आधी शाळेचा दाखला बघतो, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि तोही नसेल तर हाडांची वैद्यकीय तपासणी. म्हणजे अनेकदा ही तारीख अंदाजाचीच असते. पण एकदा ती कागदावर चढली की तिच्यापासून मोजून 18 वर्षं पूर्ण झाली, त्या दिवशी बालगृहातला मुक्काम संपतो.

घरातल्या मुलाचा अठरावा वाढदिवस म्हणजे मतदान ओळखपत्र आणि गाडी चालवायचा परवाना. तो संध्याकाळी त्याच घरात जेवतो, त्याच अंथरुणावर झोपतो. बालगृहातल्या मुलाला त्याच सुमारास नवा पत्ता शोधावा लागतो. तो त्याला कसा मिळतो, कायद्याने काय ठरवून ठेवलं आहे आणि गाडी नेमकी कुठे अडते, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी शब्दांचं बघू. सरकारी कागदावर बालगृह म्हणतात, लोक अनाथाश्रम म्हणतात, जुनी माणसं सरसकट रिमांड होम म्हणतात. यातला शेवटचा शब्द या मुलांवर फार अन्याय करतो. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशा मुलांसाठी वेगळं निरीक्षणगृह असतं. बालगृहात येणाऱ्या मुलाने काहीही केलेलं नसतं, त्याच्या बाबतीत मोठ्यांकडून काहीतरी करायचं राहून गेलेलं असतं. ही मुलं स्वतः मात्र एकच शब्द वापरतात, संस्था. ‘मी संस्थेत वाढलो’ असं ती म्हणतात आणि ‘अनाथ’ म्हटलेलं त्यांतल्या बहुतेकांना आवडत नाही.

तो शब्द अनेकदा खराही नसतो. संस्थेतल्या पुष्कळ मुलांना आई किंवा वडील असतात. वडील गेले आणि आई धुणीभांडी करते, आई गेली आणि वडील दारूच्या आहारी गेले, कोणी तुरुंगात आहे, कोणी दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलं आहे. अशा घरातलं मूल संस्थेत येऊ नये म्हणूनच महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलेलं आहे आणि नातेवाइकांकडे किंवा एकट्या पालकाकडे राहणाऱ्या मुलासाठी महिन्याला 2250 रुपये मिळतात. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तत्त्व 2015 च्या बाल न्याय अधिनियमातच लिहिलेलं आहे. घर सावरता येत असेल तर आधी घर सावरायचं.

ते शक्य नसेल तेव्हा काय होतं? समजा, नाशिक रोड स्थानकावर नऊ वर्षांचा एक मुलगा एकटाच सापडला. या लेखापुरतं त्याला आपण सागर म्हणू. कोणीतरी 1098 हा क्रमांक फिरवतं. 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली ही मदतवाहिनी आज देशभर चालते. सापडल्यापासून 24 तासांच्या आत सागरला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे नेणं बंधनकारक आहे, प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही पाच जणांची समिती असते, त्यांत किमान एक महिला हवीच. तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. त्या मुलाने कुठे राहायचं हे तीच ठरवते, संस्था ठरवत नाही. परिविक्षा अधिकारी घराचा शोध घेतो, गृहचौकशीचा अहवाल देतो. घर सापडलं आणि राहण्याजोगं असलं तर मूल परत जातं. सागरचं घर सापडलं नाही. समितीच्या आदेशाने तो बालगृहात आला आणि नऊ वर्षं तिथंच राहिला.

या नऊ वर्षांबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण पुढच्या अडचणींचं मूळ इथं आहे. चांगल्या बालगृहाचीच गोष्ट करू. सकाळी घंटा होते. उठणं, प्रार्थना, नाश्ता, शाळा, अभ्यास, जेवण, झोप, सगळं घंटेवर. कपडे मिळतात, वह्या मिळतात, सणाला कोणी दानशूर येऊन गोडधोड वाढून जातो. अधीक्षक आहेत, काळजीवाहक आहेत, समुपदेशक ठरल्या दिवशी येतात. मूल उपाशी राहत नाही. पण घरातल्या मुलाच्या कानावर आपोआप पडणाऱ्या हजार गोष्टी त्याच्या कानावर पडत नाहीत. महिनाअखेरीस आईने डब्यातले पैसे मोजले आणि किराणा उद्यावर ढकलला, हे त्याने पाहिलेलं नसतं. गॅस संपला की कुणाला फोन करायचा, भाजीवाल्याशी घासाघीस कशी करायची, ताप किती दिवस राहिला की डॉक्टरकडे जायचं, मालकाने पगार थकवला तर कसं बोलायचं, हे कुठल्याही अभ्यासक्रमात नसतं. ते घरात नुसतं वावरून येतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या हाताने कधी पन्नास रुपये खर्च केलेले नसतात, कारण सुरक्षिततेच्या नियमांत मुलांच्या हाती पैसा देणं बसत नाही. नियम वाईट हेतूने केलेले नाहीत. पण ज्याला नऊ वर्षं एकही निर्णय घेऊ दिला नाही, त्याला एका दिवसात सगळे निर्णय एकदम घ्यायला लावायचे, हे बरोबर नाही.

माणसं बदलतात, हेही आहेच. ज्या ताईशी मुलाचा जीव जडला, तिची नोकरी कंत्राटी असते आणि ती दोन वर्षांत सोडून जाते. मग नवी ताई, नव्याने ओळख. काही मुलं तिसऱ्या-चौथ्या वेळी ओळख करून घेणंच सोडून देतात.

आता कायद्याकडे वळू. 18 पूर्ण झालेल्या आणि संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला पुढे द्यायच्या आधाराला आपल्याकडे अनुरक्षण म्हणतात. अधिनियमाच्या कलम 46 मध्ये अशा तरुणाला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक मदत ‘देता येईल’ असं म्हटलं आहे. ‘दिलीच पाहिजे’ असं म्हटलेलं नाही. या एका क्रियापदावर हजारो मुलांचं पुढचं आयुष्य टांगलेलं आहे. मदत हा मुलाचा हक्क झाला असता तर न दिल्याबद्दल अधिकाऱ्याला जाब विचारता आला असता. आज जिथे अधिकारी कळकळीचा आहे तिथे ती मिळते, जिथे नाही तिथे फाइल पडून राहते.

नियम मात्र वाचले तर मन भरून येतं, इतके विचारपूर्वक लिहिलेले आहेत. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार अनुरक्षण वयाच्या 21 वर्षांपर्यंत देता येतं आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं, म्हणजे 23 पर्यंत. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती घरं, शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, काम शिकण्याच्या काळात विद्यावेतन, नोकरी लागेपर्यंत आधार, नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक, छोट्या व्यवसायासाठी कर्जाची सोय, हे सगळं त्यात आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत अनुरक्षणासाठी महिन्याला 4000 रुपयांची तरतूद आहे. पुण्या-मुंबईत एवढ्यात कॉटभर जागाही मुश्किलीने मिळते, पण जिल्ह्याच्या गावी एखाद्या होतकरू मुलाचं शिक्षण यावर निभावतं.

याच नियमांत बाहेर पडल्यानंतरचा आराखडा मूल जाण्याच्या दोन महिने आधी सादर करावा असंही म्हटलं आहे. मला हे दोन महिने फार थोडे वाटतात. सागर बारावीत आहे, फेब्रुवारीत परीक्षा आहे, कागदावरचा वाढदिवस 1 जूनला आहे. एप्रिलमध्ये आराखडा होणार, मेमध्ये निकाल, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात महाविद्यालयाचा प्रवेश, वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्तीचे कागद आणि राहायची जागा हे सगळं एकदम. घरातल्या मुलामागे त्या वेळी आई, बाप, मामा, शेजारचे काका असे चार जण धावत असतात.

कागदांची गोष्ट तर स्वतंत्र आहे. आधार कार्डावर पत्ता संस्थेचा असतो. बाहेर पडल्यावर तो बदलायचा तर नव्या पत्त्याचा पुरावा हवा, आणि नव्या पत्त्याचा पुरावा मिळवायचा तर घरमालकाने करारनामा करून द्यायला हवा. रेशनकार्ड नसतं, अधिवासाचा दाखला मिळवताना वडिलांची कागदपत्रं मागितली जातात, जातीचा दाखला तर प्रश्नच नाही, कारण वडील कोण हेच ठाऊक नाही. आडनाव विचारल्यावर कार्यालयातला माणूस पुढचा प्रश्न विचारतो, ‘गाव कोणतं?’ आपल्याकडे ही सहज ओळखीची बोली आहे. या मुलांना त्या प्रश्नाची धास्ती वाटते.

जातीच्या दाखल्याची ही अडचण एका तरुणीच्या जिद्दीमुळे राज्यापुढे आली. अमृता करवंदे गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढल्या आणि 18 पूर्ण झाल्यावर तिथून बाहेर पडून पुण्यात आल्या. कामं करत शिकल्या, राज्यसेवेची परीक्षा दिली. तिथे त्यांना अनाथ म्हणून कुठल्याच प्रवर्गात जागा नव्हती. त्या थेट मुख्यमंत्र्यांना जाऊन भेटल्या. त्यानंतर जानेवारी 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने शिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांत अनाथांना 1 टक्का आरक्षण द्यायचा निर्णय घेतला. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. पुढे 2021 आणि 2023 मध्ये त्याचे नियम सुधारण्यात आले. या आरक्षणासाठी महिला व बाल विकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते विभागीय उपायुक्तांच्या कार्यालयातून मिळतं आणि त्यासाठी बाल कल्याण समितीकडची मुलाची जुनी नोंद लागते. म्हणून प्रमाणपत्राचं काम मूल संस्थेत असतानाच उरकलं पाहिजे. बाहेर पडून दोन-चार वर्षं झाली, संस्था बंद पडली किंवा अधीक्षक बदलले, की नऊ वर्षांपूर्वीचा आदेश शोधत त्या तरुणाला जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरावं लागतं.

नोकरीच्या जागा मूठभरांनाच मिळणार, हे खरं आहे. पण त्या निर्णयाने एक गोष्ट केली. 18 नंतरही हा माणूस अनाथच असतो, हे सरकारने प्रथमच कागदावर मान्य केलं. कोविडच्या काळात ही जाण आणखी स्पष्ट झाली. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी पीएम केअर्समधून 23 व्या वर्षी 10 लाख रुपये आणि 18 ते 23 या काळात दरमहा विद्यावेतन अशी योजना 2021 मध्ये आली, राज्याने 5 लाखांची मुदत ठेव जाहीर केली. म्हणजे पायावर उभं राहायला 23 वर्षं लागतात, हे धोरण ठरवणाऱ्यांना माहीत आहे. मग रेल्वे स्थानकावर सापडलेल्या सागरने काय केलं म्हणून त्याला हे मिळू नये, या प्रश्नाचं उत्तर मला तरी सापडत नाही.

मुलींचा प्रश्न याहून नाजूक. काही मुली महिला राज्यगृहात जातात, काही नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमाला लागतात आणि त्यांचं बरं चालतं. पण अनेक ठिकाणी मुलगी 18 ची झाली की तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. संस्थेत मांडव पडतो, गावातले प्रतिष्ठित कन्यादान करतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. या सगळ्यांमागे माया असते, ती मी नाकारत नाही. काही संस्था या मुलींचं बाळंतपण आणि दिवाळसणही करतात. पण राहायला जागा नाही म्हणून लग्न, हा हिशेब चुकीचा आहे. तिला आधी शिकू द्यावं, दोन वर्षं स्वतःच्या पगारावर राहू द्यावं आणि मग तिच्या मनाने लग्न करू द्यावं. सासरी बिनसलं तर परत यायला दार उघडं आहे, हे तिला आणि सासरच्यांना दोघांनाही ठाऊक असलं पाहिजे. माहेर म्हणतात ते यालाच.

आणि काही मुलं अशी असतात की त्यांच्यासाठी 18 हा आकडाच निरर्थक आहे. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर बेवारस दिव्यांग मुलांना सांभाळतात. ती मुलं त्यांचंच नाव लावतात. मतिमंद मुलाला 18 नंतर बाहेर काढायचं म्हणजे कुठे काढायचं, असं विचारत त्यांनी अशा मुलांना आयुष्यभर तिथेच राहू देण्याची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली आहे. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचीच एक दृष्टिहीन मानसकन्या राज्य लोकसेवा आयोगाची लिपिकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. एकाच छपराखाली दोन्ही प्रकारची मुलं आहेत. एकीला बाहेर पडायला बळ हवं, दुसऱ्याला तिथंच राहायची मुभा हवी. हे ज्याचं त्याचं बघूनच ठरवावं लागतं.

शिकणाऱ्या गरीब मुलाला आधार देण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतलं, शिकवून डॉक्टर केलं. मूल जगवण्यापाशी ते थांबले नाहीत. धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम 1896 चा, पुण्याचं अनाथ विद्यार्थी गृह 1909 चं. वार लावून जेवणाऱ्या मुलांच्या पिढ्या आपल्याकडे शिकल्या. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं सात घरांनी मिळून एक मूल शिकवायचं. त्या पद्धतीत जातीच्या भिंती होत्या, मिंधेपण होतं, आणि ती परत यावी असं कोणी म्हणणार नाही. पण तिच्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या मुलाला गावात सात दारं माहीत असत, आणि तो आला नाही तर त्या सात घरांना कळत असे.

आज संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलाला नेमकं हेच हवं असतं. भाड्याची खोली घेताना अनामत आणि ओळखीचा माणूस लागतो. शैक्षणिक कर्ज घ्यायचं तर अनेकदा बँक जामीनदार मागते. रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी नातेवाइकाची सही लागते. नोकरीच्या अर्जावर ‘तातडीच्या वेळी संपर्क’ असा रकाना असतो, तिथे काय लिहायचं? दिवाळीला वसतिगृह रिकामं होतं, खानावळ बंद होते, सगळे गावी जातात. ते चार-पाच दिवस या मुलांना वर्षातले सगळ्यात जड जातात. त्यांच्यावर वाईट संगतीचे, फुकट राबवून घेणाऱ्यांचे, गोड बोलून फसवणाऱ्यांचे डोळे असतात तेही याच वेळी, कारण या मुलाच्या मागे विचारणारं कोणी नाही हे त्यांना ठाऊक असतं.

जिथे मुलाला बाहेर पडण्यासाठी तयार करण्याचं काम चांगलं होतं तिथे त्याची सुरुवात पंधराव्या-सोळाव्या वर्षी होते. मुलाच्या नावाचं बँक खातं उघडतात आणि ते त्याला स्वतः चालवायला देतात. महिन्याचा थोडा खर्च त्याच्या हाती देतात, तो चुकला तर चुकू देतात. आठवड्यातून एकदा स्वयंपाक मुलांनी करायचा, बाजार त्यांनीच आणायचा. आधार, अधिवास, अनाथ प्रमाणपत्र, मतदार नोंदणी यांची एक फाइल तयार होते आणि ती मुलाच्या ताब्यात राहते. दहावीनंतर काय शिकायचं हे त्याचा कल बघून ठरतं, कोणत्या वर्गात जागा फुकट आहे यावरून नव्हे. बाहेर पडल्यावर पहिली दोन-तीन वर्षं चार-सहा जण एकत्र भाड्याच्या घरात राहतात, कार्यकर्ता आठवड्याला चक्कर टाकतो. महाराष्ट्रात तर्पण फाउंडेशनसारख्या काही संस्था खास 18 वर्षांवरच्या अनाथ तरुणांसाठीच काम करतात. काही बालगृहांत मोठी झालेली मुलं धाकट्यांना हाताशी धरतात, आणि तो आधार सगळ्यात पक्का ठरतो, कारण ‘गाव कोणतं?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे त्यांना अनुभवाने माहीत असतं.

बालगृहात वाढदिवस साजरा करणारी, पुरणपोळी वाटणारी, कपडे देणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. लहानग्यांना खाऊ देऊन झाल्यावर अधीक्षकांना विचारा की यंदा अठराचं कोण होतंय. त्यांतल्या एकाची जबाबदारी दोन-चार घरांनी मिळून घ्या. एकाने खोलीची अनामत भरावी, एकाने कर्जाला जामीन राहावं, एकाने त्याला दिवाळीला घरी बोलवावं, एकाने त्या रकान्यात आपला फोन नंबर लिहू द्यावा. हे ओळखपाळखीवर परस्पर करू नका. बालगृह आणि बाल कल्याण समिती यांच्या मार्फत, ओळख पडताळून करा. मुलाच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यक आहे.

अनुरक्षणात मदत करू इच्छिणाऱ्या संस्था आणि व्यक्तींची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने तयार करून ती सगळ्या बालगृहांना पाठवायची, असं त्याच आदर्श नियमांत आहे. हा कक्ष प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. तिथे जा, ती यादी दाखवा म्हणून सांगा आणि तिच्यात आपलं नाव घाला. येत्या 1 जूनला आपल्या जिल्ह्यातली किती मुलं अठरा पूर्ण करत आहेत आणि त्यांतल्या किती जणांचा पुढचा पत्ता ठरला आहे, हेही तिथेच विचारा.